गुणांचें नाणें आणि परीक्षेचा निकष

'परि' हा उपसर्ग आणि 'ईक्ष्' म्हणजे पाहणें हा धातु, यांपासून परीक्षा हा शब्द झाला आहे. चोहों बाजूंनीं पाहणें, असा त्याचा मूळ अर्थ. एकच विद्यार्थी एका बाजूनें पाहिला असतां एक दिसतो व दुसऱ्या बाजूनें पाहिला असतां निराळा दिसतो, हें ज्यांनीं कांहीं वर्षें वर्गांत काढलीं आहेत त्यांस सांगावयास नको. परंतु घरांतील वडील मंडळींस मुलाच्या प्रगतीचा एकच आंकडा हवा असतो. दोन आंकडे हातीं आले व ते परस्परांशीं जुळले नाहींत, म्हणजे त्यांचा गोंधळ उडतो.

असा गोंधळ हल्लीं आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं होत असेल. मुलगा किंवा लेक अमेरिकेंत स्थायिक झालेली, नातवंडें तेथील हायस्कुलांत शिकणारीं. जूनमध्यें बातमी येते कीं नातीला अर्थशास्त्रांत 'ए' श्रेणी मिळाली. आजोबा शेजारींपाजारीं पेढे वाटतात. पुढें जुलैमध्यें कळतें कीं त्याच विषयाच्या बाहेरच्या परीक्षेंत तिला पांचांपैकीं दोनच मिळाले. मग शाळा खोटी कीं परीक्षा खोटी, कीं मुलगीच आळशी, असा वाद घरांत सुरू होतो. आणि त्या वादांत सोळा-सतरा वर्षांच्या पोरीचें मन कोणी विचारांत घेत नाहीं. अर्थशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु उत्तरपत्रिका तपासण्यांत आमचें आयुष्य गेलें आहे. म्हणून हा दोन आंकड्यांचा व्यवहार नीट उलगडून सांगावा, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हा अभ्यासक्रम काय आहे तें पाहूं. अमेरिकेंत 'कॉलेज बोर्ड' नांवाची संस्था १९०० सालीं स्थापन झाली. हायस्कुलांतील होतकरू मुलांनीं कॉलेजांतील पहिल्या वर्षाचा विषय शाळेंतच शिकावा व त्याची परीक्षा द्यावी, अशी 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' नांवाची योजना ही संस्था १९५५ पासून चालवीत आहे. अर्थशास्त्राची परीक्षा तींत १९८९ सालीं आली. तिचे दोन स्वतंत्र भाग आहेत. एका भागांत गिऱ्हाईक, दुकानदार, कारखानदार यांच्या वागणुकीचा विचार, म्हणजे सूक्ष्म अर्थशास्त्र. दुसऱ्यांत देशाचें उत्पन्न, महागाई, बेकारी व चलन यांचा विचार, म्हणजे स्थूल अर्थशास्त्र. प्रत्येक भाग कॉलेजच्या एका सत्राच्या तोडीचा धरलेला आहे. विद्यार्थ्यास कॉलेजचें पुस्तक वाचून समजावें, साधें गणित यावें व आलेख काढतां यावा, एवढीच पूर्वतयारी अपेक्षित असते. भारतांतही कांहीं केंद्रांवर ही परीक्षा देतां येते.

परीक्षा दोन तास दहा मिनिटांची असते. पहिल्या सत्तर मिनिटांत पर्याय दिलेले साठ प्रश्न सोडवावयाचे. एकूण गुणांचा दोन-तृतीयांश भार त्यांवर असतो. पुढील एका तासांत तीन लेखी प्रश्न, एक मोठा व दोन लहान. पूर्वीं चुकीच्या पर्यायाबद्दल गुण कापीत. २०११ पासून ती चाल बंद झाली. शेवटीं १ ते ५ यांपैकीं एक अंक मिळतो. ५ म्हणजे अत्यंत उत्तम पात्रता, ३ म्हणजे पात्र, आणि १ म्हणजे शिफारस नाहीं. हा अंक म्हणजे शेंकडेवारी नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. ५ मिळण्यास शंभरांपैकीं शंभर लागत नाहींत. पुष्कळ विद्यापीठें ३ किंवा त्याहून वरच्या अंकास कॉलेजच्या अभ्यासाचें श्रेय देतात, कित्येक ४ किंवा ५ मागतात, आणि कांहीं मुळींच देत नाहींत.

आतां या परीक्षेची खरी अपेक्षा काय, तें एका उदाहरणानें सांगतों. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८१७ सालच्या आपल्या ग्रंथांत पुढील हिशेब मांडला. ठराविक कापड तयार करण्यास इंग्लंडांत वर्षभर १०० माणसें लागतात, पोर्तुगालांत ९०. ठराविक द्राक्षमद्य करण्यास इंग्लंडांत १२०, पोर्तुगालांत ८०. तर कोणीं काय करावें? दहांपैकीं सात मुलें लिहितील कीं, 'पोर्तुगालनें मद्य करावें, कारण तें काम त्यास अधिक चांगलें येतें.' निष्कर्ष बरोबर आहे, कारण मात्र चूक आहे. पोर्तुगालास कापडही इंग्लंडाहून चांगलें येतें! मग त्यानें कापड कां करूं नये? खरें उत्तर असें कीं, एक भाग मद्यासाठीं पोर्तुगालास कापडाचा आठ-नवमांश भागच सोडावा लागतो, तर इंग्लंडास एक भाग व वर पंचमांश. एक वस्तु मिळविण्यासाठीं दुसरीचा जो त्याग करावा लागतो त्यास संधीव्यय म्हणतात. आणि ज्याचा संधीव्यय कमी, त्यास त्या वस्तूंत तुलनात्मक लाभ असतो. 'कारण सांगा' असें प्रश्नांत म्हटलें असतां हा त्याग उत्तरांत आला पाहिजे, नाहीं तर तो गुण गेला. शब्द कितीही सुंदर असोत, अक्षर मोत्यासारखें असो, त्याचा उपयोग नाहीं.

शब्दांच्या बाबतींतही अशीच काटेकोर दृष्टि आहे. वस्तूचा भाव चढला तर लोक ती कमी घेतात. येथें 'मागणी घटली' असें लिहिलें तर चूक, 'मागणीचें परिमाण घटलें' असें लिहिलें तर बरोबर. भाव तोच असून लोकांचें उत्पन्न किंवा आवड बदलल्यामुळें खप घटला, तरच मागणी घटली म्हणावयाचें. आमच्या मराठी पाठ्यपुस्तकांतही हा भेद आहे: पहिल्यास मागणीचा संकोच म्हणतात, दुसऱ्यास मागणीचा ऱ्हास. पाणिनीच्या शास्त्रांत एका मात्रेस जी किंमत, तीच येथें एका शब्दास आहे, हें पाहून आम्हांस संतोष झाला.

आकृत्यांचेंही तसेंच. आलेख काढा म्हटलें म्हणजे दोन्ही अक्षांना नांवें, प्रत्येक रेषेस नांव आणि समतोलाचा भाव व परिमाण अक्षांवर दाखविलेलें असलें पाहिजे. मक्तेदाराच्या आकृतींत हमखास एक चूक होते. ज्या ठिकाणीं सीमान्त प्राप्ति व सीमान्त व्यय यांच्या रेषा एकमेकींस छेदतात, तेथें मक्तेदार किती माल काढील तें ठरतें. परंतु भाव तेथून वाचावयाचा नसतो. त्या परिमाणापासून वर जाऊन मागणीची रेषा गांठावयाची व तेथील भाव वाचावयाचा. कारण मक्तेदार गिऱ्हाइकाकडून तेवढ्या मालाचा जो भाव निघेल तो घेणारच. पाठ करणारा विद्यार्थी छेदबिंदूवरच थांबतो. समजून घेणारा वर चढतो.

या उत्तरांची तपासणी कशी होते तें आमच्या शिक्षकबंधूंनीं मुद्दाम वाचावें. दरवर्षीं जून महिन्यांत कॉलेजांतील प्राध्यापक व शाळांतील अनुभवी शिक्षक ह्या कामासाठीं जमतात. मोठ्या प्रश्नाचे दहा व लहान प्रश्नांचे प्रत्येकीं पांच गुण असतात, आणि प्रत्येक गुण कशाबद्दल द्यावयाचा हें आधींच लिहून ठेवलेलें असतें. एक परीक्षक एकच प्रश्न तपासतो, आणि त्यानें तपासलेल्यांपैकीं कांहीं उत्तरें वरिष्ठ परीक्षक पुन्हां पाहतो. विद्यार्थ्याचें नांव परीक्षकास कळत नाहीं. 'एकंदर उत्तर बरें आहे, द्या सहा' हा जो आमच्याकडील जुना प्रकार, त्यास तेथें जागा नाहीं.

त्यांतील एक गोष्ट आम्हांस विशेष न्याय्य वाटली. पहिल्या भागांत मुलाचें उत्तर चुकलें, परंतु त्या चुकीच्या उत्तरावरून पुढील तर्क त्यानें बिनचूक चालविला, तर पुष्कळदां पुढील गुण त्यास मिळतात. एका चुकीची शिक्षा एकदांच. उलट, नुसता आंकडा लिहिला व 'कृति दाखवा' असें सांगितलें असतां कृति दाखविली नाहीं, तर आंकडा बरोबर असूनही गुण मिळत नाहीं. न्यायशास्त्रांत प्रतिज्ञेबरोबर हेतु सांगावाच लागतो, त्यांतलाच हा प्रकार. परीक्षेनंतर लेखी प्रश्न व गुण देण्याचे नियम प्रसिद्ध होतात, त्यामुळें पुढील वर्षाच्या मुलांस काय अपेक्षित आहे तें आधींच कळतें.

हा झाला बाहेरचा अंक. आतां शाळेच्या श्रेणीकडे वळूं, कारण खरी गुंतागुंत तेथेंच आहे. अमेरिकन शाळेंत वर्गशिक्षक वर्षभराच्या कामावरून ए, बी, सी, डी किंवा एफ अशी श्रेणी देतो. बहुतेक ठिकाणीं ९० च्या वर ए, ८० च्या वर बी असा क्रम असतो. ही श्रेणी मे-जूनमध्यें लागते व बाहेरचा अंक जुलैमध्यें येतो. म्हणजे शिक्षकानें श्रेणी दिली तेव्हां त्यास तो अंक ठाऊकच नसतो. शिवाय श्रेणींत काय काय धरावें हें ज्या त्या शाळेवर, पुष्कळदां ज्या त्या शिक्षकावर, अवलंबून असतें. घरचा अभ्यास, वर्गांतील सहभाग, वेळेवर वही देणें, जादा कामाचे जादा गुण, चुकलेली चांचणी पुन्हां देण्याची मुभा, असें पुष्कळ कांहीं तींत मिसळतें.

याचा परिणाम काय होतो? शास्त्रग्रंथांतील आपले जुने मित्र देवदत्त आणि यज्ञदत्त यांनाच त्या वर्गांत बसवूं. समजा, चांचण्यांना साठ, घरच्या अभ्यासास तीस व सहभागास दहा असा भार आहे. देवदत्त चांचण्यांत शेंकडा ८० मिळवितो; घरचा अभ्यास व सहभाग यांत पूर्ण शंभर. त्याचे झाले ४८, ३० व १०, मिळून ८८. जादा कामाचे दोन धरून ९०, म्हणजे ए. यज्ञदत्तास चांचण्यांत शेंकडा ९५. पण वह्या वेळेवर देत नाहीं व वर्गांत तोंड उघडत नाहीं, म्हणून उरलेल्या दोहोंत शेंकडा ६०. त्याचे ५७, १८ व ६, मिळून ८१, म्हणजे बी. आतां अर्थशास्त्र अधिक कोणास येतें? श्रेणी म्हणते देवदत्तास. चांचण्या म्हणतात यज्ञदत्तास. मे महिन्याच्या परीक्षेंत यज्ञदत्त वरचढ ठरला तर कोणासही आश्चर्य वाटूं नये. तरीसुद्धां शिक्षक खोटें बोलला असें नाहीं. त्यानें दोन निराळ्या गोष्टी, ज्ञान आणि नियमितपणा, एकाच भांड्यांत ओतल्या व त्यावर एकच अक्षर लिहिलें.

येथें हा विषयच आपल्या मदतीस येतो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठांत शिकवितात कीं, माणसें ज्या गोष्टीचा मोबदला मिळतो ती गोष्ट अधिक करतात. शिक्षकानें वहीस तीस गुण ठेवले कीं वह्या भरतात; त्या कोणाच्या वहीवरून उतरून भरतात, हें मोबदल्याच्या नियमांत लिहिलेलें नसतें. पुष्कळ शाळांत ह्या वरच्या अभ्यासक्रमांतील 'ए' साध्या वर्गांतील चाराऐवजीं पांच धरतात, म्हणून विषयाची गोडी नसलेलीं मुलेंही त्यांत नांव घालतात. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानें १९७५ सालीं चलनधोरणासंबंधीं अशा अर्थाचें मत मांडलें कीं, एखाद्या मापाचा उपयोग लोकांस वळविण्यासाठीं होऊं लागला म्हणजे तें माप विश्वासार्ह राहत नाहीं. चलनास जें लागू, तेंच श्रेणीसही लागू आहे.

श्रेणी ही खरोखर एक प्रकारचें नाणेंच आहे. मायकेल स्पेन्स यांनीं १९७३ च्या आपल्या निबंधांत दाखविलें कीं, नोकरी देणाऱ्यास उमेदवाराची योग्यता डोळ्यांनीं दिसत नाहीं, म्हणून तो शिक्षणाकडे खूण म्हणून पाहतो. आणि ती खूण तेव्हांच उपयोगी पडते, जेव्हां अयोग्यास ती मिळविणें योग्यापेक्षां जड जातें. सर्वांनाच सोन्याचें नाणें वांटलें, तर त्यांत सोनें किती हें कोण पाहणार? महागाईंत भाव वर वर जातात. पण श्रेणीस 'ए' च्या वर जागाच नाहीं, म्हणून तेथें चढणें थांबतें व सगळे एकाच पायरीवर गर्दी करतात. त्या गर्दींत सर्वांत जास्त नुकसान होतें तें खरोखर कष्ट केलेल्या मुलाचें. त्याचा 'ए' शेजाऱ्याच्या 'ए' पेक्षां निराळा दिसतच नाहीं. सोनार कसोटीच्या दगडावर सोनें घासून पाहतो, त्या दगडास निकष म्हणतात. बाहेरची परीक्षा हा तो निकष आहे. तो दगड सोनें तयार करीत नाहीं. फक्त रेघ दाखवितो.

यावर कोणी म्हणेल, मग शाळेची श्रेणी बंदच करावी. आम्हांस तें मान्य नाहीं. दोन तास दहा मिनिटें म्हणजे वर्ष नव्हे. त्या दिवशीं मुलास ताप असूं शकतो, घड्याळाकडे पाहून त्याची छाती धडधडूं शकते. परीक्षेची फी सुमारें शंभर डॉलर आहे. सवलत असली तरी ती सर्वांसच सोपी नसते. आणि देवदत्ताचा नियमितपणा हा कांहीं टाकाऊ गुण नव्हे. पुढें संसारांत यज्ञदत्ताच्या बुद्धीइतकाच तो उपयोगी पडतो. शिक्षकानें मुलास नऊ-दहा महिने पाहिलेलें असतें. परीक्षकानें त्याचा चेहराही पाहिलेला नसतो. दोन्ही साक्षी हव्यात. आमचा आक्षेप एवढाच आहे कीं, त्या एकमेकींत कालवूं नयेत. ज्ञानाचा आंकडा ज्ञानाचा असावा आणि वागणुकीचा शेरा वागणुकीचा असावा. तोही द्यावा, पण निराळ्या रकान्यांत द्यावा.

आमच्याकडेही ह्याची जाणीव नवी नाहीं. केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या अर्थशास्त्रास ८० गुण लेखी परीक्षेचे व २० प्रकल्पाचे असतात. हेतु उत्तम आहे: मुलानें बाजारांत जावें, आंकडे गोळा करावे, विचार करावा. परंतु हे वीस गुण सढळ हातानें वांटले जातात, अशी तक्रार शिक्षकांच्याच तोंडून आम्हीं ऐकली आहे. पालकांस तें आवडतें, मुख्याध्यापकांस आवडतें, मुलास तर आवडतेंच. फक्त त्या वीस गुणांना मग कोणी विचारीत नाहीं.

मग शिक्षकानें काय करावें? आमच्या मतें तीन गोष्टी पुरेशा आहेत. वर्षाच्या पहिल्या आठवड्यांत, कोणत्या उत्तरास किती गुण व कां, हें मुलांस उदाहरणें देऊन दाखवावें. अपेक्षा आधीं सांगितली नाहीं तर श्रेणी हा न्याय न राहतां दैवाचा खेळ होतो. दुसरें, वर्षभराच्या चांचण्या बाहेरच्या परीक्षेच्याच धर्तीवर घ्याव्या व तिच्याच नियमांनीं तपासाव्या, म्हणजे जुलैमध्यें कोणास धक्का बसणार नाहीं. तिसरें व सर्वांत कठीण: मुलाचें काम 'बी' चें असेल तर 'बी'च द्यावा, आणि तो देतांना त्यास जवळ बसवून 'ए' पर्यंतची वाट दाखवावी. वाट न दाखवितां दिलेली कमी श्रेणी निर्दयपणाची होते, आणि वाट दाखविण्याचा त्रास चुकविण्यासाठीं दिलेली जास्त श्रेणी ही मुलाशीं केलेली प्रतारणा होते. गोड बोलून कमी तोलणारा वाणी आणि हा शिक्षक यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं.

आतां घरच्या मंडळींस दोन शब्द. नातीला 'ए' मिळाला म्हणजे आनंद जरूर करावा. पण तिला एवढें विचारावें कीं, त्या 'ए' मध्यें चांचण्यांचा वांटा किती होता? तिला ५ ऐवजीं २ मिळाले, तर तिला आळशी म्हणण्यापूर्वीं विचारावें कीं, कोणता प्रश्न हातचा गेला, आकृति चुकली कीं कारण सांगतां आलें नाहीं? मुलें ह्या प्रश्नांना आनंदानें उत्तरें देतात, कारण त्यांत दोषारोप नसतो. आणि एखादें वर्ष अवघड वर्गांत 'बी' मिळविण्याची तिची तयारी असेल, तर तिला सोप्या वर्गांतील 'ए' कडे ओढूं नये. रिकार्डोच्या हिशेबानें पाहिलें तरी सोप्या 'ए' साठीं ती जें सोडते, तें ज्ञान त्या अक्षराहून मोलाचें आहे.

शेवटीं आजोबांनीं एखाद्या रविवारीं दूरध्वनीवरून नातीलाच विचारावें कीं, पोर्तुगालास कापड व मद्य दोन्ही चांगलीं येत असतांना त्यानें एकच कां करावें? तिनें आपल्या मोडक्यातोडक्या मराठींत तें समजावून सांगितलें आणि आजोबांस तें समजलें, तर त्या मुलीला तो धडा आला असें खुशाल समजावें. मग श्रेणीचें अक्षर व परीक्षेचा अंक कांहींही असो. आमच्या वाचकांनीं हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची विनंती आहे.